शिवराई आणि राणीछाप : जुनी नाणी ओळखणं, त्यांची प्रत ठरवणं आणि त्यांविषयी बोलणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीपूजनाच्या ताटातला चांदीचा रुपया, देव्हाऱ्यात सहाणेशेजारी पडलेली तांब्याची काळी चकती, आजोबांच्या ट्रंकेतली पुरचुंडी. बहुतेकांचा नाण्यांशी संबंध जुळतो तो असा, घरातूनच. मग कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवतं आणि खाली एकच ओळ असते : ‘याचे किती येतील?’

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी नाणं ओळखावं, मग त्याची अवस्था नीट बघावी. खालची उत्तरं मी मुख्यतः दोन नाण्यांना धरून लिहिली आहेत : मराठ्यांची तांब्याची शिवराई आणि इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया. महाराष्ट्रातल्या घरांत ही दोन वरचेवर सापडतात. शिवाय एक हाताने ठोकलेलं आणि दुसरं यंत्रावर पाडलेलं असल्यामुळे नाणं बघण्याच्या दोन्ही रीती त्यांत येतात.

नाणं हातात आलं की सगळ्यात आधी काय बघायचं?

वजन. अक्षरं नंतर. दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. या छंदात भिंगाखालोखाल उपयोगी पडणारी वस्तू तीच. त्यानंतर व्यास, धातू, कड, आणि मग दोन्ही बाजूंवरचा मजकूर.

वजन आधी का, ते रुपयावरून सांगतो. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हे ११.६६ ग्रॅम म्हणजेच तोळा. म्हणून जुने सराफ पारड्यात रुपया टाकून सोनं तोलत आणि ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर होई. आज आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, पण खरा तोळा त्या रुपयात आहे. व्हिक्टोरियाचा, एडवर्डचा, पाचव्या जॉर्जचा, कुठलाही चांदीचा रुपया घ्या, वजन तेच. फार वापरलेला रुपया झिजून ११.४ ग्रॅमपर्यंत उतरला तर नवल नाही. पण कोरा दिसणारा रुपया १०.८ भरला तर तिथेच थांबा.

ओळख विचारताना फोटो कसा पाठवू? काय काय लिहू?

दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, नाणं सरळ धरलेलं, मागे साधा कागद. फ्लॅश नको. खिडकीतून येणारा सकाळचा तिरपा उजेड सगळ्यात चांगला, कारण उठावाची सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही दिसू लागतं. तिसरा फोटो कडेचा काढा. तो कोणीच पाठवत नाही आणि पुष्कळदा निकाल तिथेच लागतो.

सोबत लिहा : वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही आणि नाणं तुमच्याकडे कुठून आलं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ‘आजोळच्या घरातून, तालुका जुन्नर’ एवढी ओळ असली तर जाणकाराला दिशा मिळते. ‘बाजारातून घेतलं’ असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा काही नाही. पाहणाऱ्याने काही विचारलं तर आधी काट्यावर बघा, मग उत्तर द्या. अंदाजे सांगितलेलं वजन सगळ्या चर्चेला भलतीकडे नेतं.

माझ्याकडे शिवराई आहे. ती खुद्द शिवाजी महाराजांच्या काळातली असेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात जी आस असते ती मला कळते. मलाही ती होती. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. आजूबाजूच्या बहुतेक मोठ्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांत चालत असताना हे देवनागरी नाणं आलं. होनाचं वजन सुमारे २.८ ग्रॅम, अस्सल होन इतके थोडे आहेत की कोणी सहज विकायला आणला तर तो नकली धरूनच तपासाला सुरुवात करावी.

आता अडचण ही की महाराजांच्या पश्चातही शिवराई पाडली जातच राहिली, आणि त्यांच्याच नावाने. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास होता, म्हणून नाव बदलायचं कारण नव्हतं. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून ती निघाली, एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या हाती खेळत राहिली. त्यामुळे ‘राजा शिव’ हे शब्द दिसले म्हणून नाणं १६७४ ते १६८० या सहा वर्षांतलं ठरत नाही. घरोघरी सापडणाऱ्या शिवराया बहुतांशी नंतरच्याच आहेत.

मग वेगळ्या कशा काढायच्या? जुन्या शिवराईचं तांबं जाड, वजन भरीव, बहुधा अकरा ग्रॅमच्या वर. अक्षरं ठसठशीत, रेघ जाड, ठिपके सुटे आणि गोल. पुढच्या काळात वजन उतरत गेलं, अक्षरं सैल झाली. लेखनही बदलतं : शिव, सिव, सीव, पति, पती. काहींवर चंद्र, सूर्य, त्रिशूळ, बेलाचं पान अशा खुणा येतात. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या समांतर दांड्या असतील तर ती दुदांडी शिवराई, पेशवाईच्या उत्तरकाळातली किंवा कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या वर्षांतली. एकट्या वजनावर किंवा एकट्या अक्षरावर कधीही निकाल देऊ नका. वजन, अक्षराचं वळण, ठिपके आणि खुणा या सगळ्यांनी एकाच काळाकडे बोट दाखवलं तरच बोला.

‘राजा शिव’च्या जागी ‘राजा शंभू’, ‘राजा राम’ किंवा ‘राजा शाहू’ असं नाव स्पष्ट वाचता येत असेल, तर मात्र नाणं बाजूला ठेवून चांगल्या जाणकाराला दाखवा.

शिवराईवर अक्षरं अर्धीच आली आहेत. नाणं तुटलंय का?

नाही, ते तसंच जन्माला आलं आहे. तांब्याचा तुकडा तापवायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा, ही रीत. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. कधी ‘श्री’ बाहेर जातो, कधी ‘शिव’चा ‘व’.

माझ्याकडे एक आहे, १०.९ ग्रॅमची. वरचा ‘श्री’ अर्धा कडेबाहेर गेलाय, ‘राजा’ मधोमध पूर्ण उठलाय, आणि ‘जा’च्या उभ्या काठीखाली ठशाला गेलेला तडा केसासारखा नाण्यावर उमटलाय. खाली ‘शि’ची वेलांटी तेवढी दिसते. मागे ‘छत्र’ स्वच्छ, ‘पति’च्या जागी मात्र घणाचा घाव तिरपा बसल्यामुळे नुसता उतार. तडा दिसतो म्हणजे त्या ठशाने आधी पुष्कळ नाणी पाडलेली होती. त्याच तड्याची दुसरी शिवराई कुठे मिळाली तर दोन्ही एकाच ठशाची, हे सांगता येतं. अर्ध्या अक्षरांचं नाणं असं खूप काही सांगून जातं, म्हणून ते टाकाऊ समजू नका.

रुपयावर सगळी फारसी अक्षरं आहेत. तो मोगलांचा समजायचा का?

घाई नको. मराठ्यांचे चांदीचे रुपये मोगल बादशहाच्या, मुख्यतः शाह आलमच्या नावाने पाडलेले आहेत. व्यापारात बादशाही नावाचा रुपया बिनबोभाट चाले, म्हणून नाव त्याचं आणि टांकसाळ पेशव्यांची किंवा त्यांच्या सरदारांची. ओळखायचं ते खुणेवरून. अक्षरांत हत्तीचा अंकुश दिसला तर तो अंकुशी रुपया. पुण्याच्या रुपयावर टांकसाळीचं नाव ‘मुहियाबाद पूना’ असं येतं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी. फारसी येत नसली तरी अंकुश, फूल, परशू अशा खुणा शोधायला कोणीही शिकू शकतो, आणि अर्धी ओळख तिथेच होते.

राणीछाप रुपये सगळे सारखेच दिसतात. त्यांत फरक काय?

व्हिक्टोरिया राणीच्या डोक्यावर मुकुट नसेल तर तो १८४०चा, कंपनी सरकारचा. त्यातही दोन प्रकार : नाव डोक्यावरून सलग गेलेलं, किंवा डोक्याच्या दोन बाजूंना तुटलेलं. मुकुट असेल आणि ‘क्वीन’ लिहिलं असेल तर १८६२ ते १८७६. ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ ते १९०१, कारण १८७७च्या दिल्ली दरबारात राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली.

१८६२ या सालात एक मोठी गंमत दडलेली आहे. हे साल ठशावर तसंच गोठवून ठेवलं आणि १८७३पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२च उमटत राहिलं. सालाखालचे आणि आसपासचे बारीक ठिपके मोजून प्रकार लावायचे असतात. हौशी लोक भिंग घेऊन एकेका रुपयावर अर्धा अर्धा तास बसतात ते यासाठी.

पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया वेगळाच. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला आहे, पण सोंड आखूड झाल्यामुळे तो लोकांना डुक्कर वाटला. मुसलमान समाजाला ते खटकलं आणि सरकारने नाणी मागे घेतली. सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी सात लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२पासून हत्तीची सोंड आणि कान स्वच्छ दिसतात. दोन्ही रुपये शेजारी ठेवून बघा, एकदा बघितलं की विसरत नाही.

टांकसाळीची खूण कुठे शोधू?

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाच्या खाली. हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे मागच्या बाजूला खालच्या कमळातला बारीक उठावदार ठिपका. झिजलेल्या नाण्यात तो जातो, म्हणून ‘ठिपका नाही, तेव्हा कलकत्ता’ असं म्हणण्याआधी नाणं किती झिजलंय ते बघा.

‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘यूएनसी’ म्हणजे काय?

नाण्याची प्रत, म्हणजे ते किती वापरलं गेलं आहे, हे सांगणारी अक्षरं. खालून वर : जी (गुड), व्हीजी (व्हेरी गुड), एफ (फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड) आणि यूएनसी (अनसर्क्युलेटेड). यूएनसी म्हणजे व्यवहारात न आलेलं, बंदा रुपया. याच पायऱ्यांना एक ते सत्तर असे आकडेही जोडले जातात. विल्यम शेल्डन या अमेरिकनाने १९४९ साली आपल्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती पट्टी बांधली आणि पुढे ती जगभर पसरली.

नुसती व्याख्या पाठ करून प्रत कळत नाही. जास्तीत जास्त उंच उठाव असतो तिथे झीज आधी येते, ही जागा प्रत्येक नाण्यात ठरलेली असते आणि ती माहीत हवी. मुकुट घातलेल्या राणीछापावर मी पहिल्यांदा कानावरचे केस बघतो, मग मुकुटावरची रत्नं, मग पोशाखावरची वेलबुट्टी. वेलबुट्टीची पानं सुटी दिसत असतील आणि केसांच्या बटा मोजता येत असतील तर एक्सएफ. बटा एकमेकींत मिसळल्या पण वेलबुट्टी निम्म्याहून जास्त आहे, तर व्हीएफ. पोशाख सपाट, चेहरा नुसता आकार, पण अक्षरं वाचता येतात, तर एफच्या वर जाऊ नये. पाचव्या जॉर्जवर याच कामासाठी झग्यावरचा हत्ती, कान आणि मुकुटाची कमान बघावी.

झीज वेगळी आणि इजा वेगळी. माळेसाठी कडी जोडलेली, भोक पाडलेलं, सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक खुणा, कडेला पडलेला खळगा हे सगळं प्रतीच्या पुढे स्वतंत्र लिहायचं. ‘व्हीएफ, कडी काढलेली’ असं. ते लपवून नुसतं ‘व्हीएफ’ लिहिणं ही घेणाऱ्याची फसवणूक आहे, आणि मला ती मुळीच चालत नाही.

शिवराईलाही हीच पट्टी लावायची का?

माझं स्पष्ट मत : जशीच्या तशी लावू नये. ती पट्टी बांधली गेली तेव्हा समोर परदेशातली एकसारखी गोल नाणी होती. तिथे अक्षर दिसत नसेल तर ते झिजलं, असा हिशेब करता येतो. शिवराईत अक्षर दिसत नाही याची चार कारणं असू शकतात : ते चकतीवर आलंच नाही, घाव हलका बसला, ठसाच जुना होता, किंवा खरोखर झिजलं. चौथं कारण सोडून बाकी तिन्ही टांकसाळीतली आहेत.

म्हणून मी शिवराईची प्रत चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून सांगतो. चकतीवर आलेला मजकूर किती. ठसा मधोमध बसलाय की सरकलाय. जेवढं आलंय त्यावर झीज किती. आणि तांब्याचा पृष्ठभाग कसा आहे, गुळगुळीत की खड्डे पडलेला. ‘राजा पूर्ण, श्री अर्धा, मागे छत्र पूर्ण, ठसा डावीकडे सरकलेला, झीज थोडी, रंग गडद तपकिरी, सारखा.’ या दोन ओळी वाचल्या की नाणं डोळ्यांसमोर येतं. ‘व्हीएफ शिवराई’ या दोन शब्दांनी काही येत नाही.

एकाने व्हीएफ सांगितलं, दुसऱ्याने एक्सएफ. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही नाणं बघणं खरं असतं, पण एकाने फोटो बघितला आणि दुसऱ्याने नाणं. अर्ध्या पायरीचा फरक होतोच. वाद घालताना ‘मला वीस वर्षांचा अनुभव आहे’ हे म्हणणं निरुपयोगी; ‘कानावरच्या तीन बटा सुट्या दिसतात, म्हणून मी वर धरलं’ हे म्हणणं उपयोगी. आणि विकणाऱ्याची प्रत आणि घेणाऱ्याची प्रत यांत नेहमीच अंतर पडतं, त्यामुळे आपल्याच नाण्याची प्रत ठरवताना ते दुसऱ्याचं आहे असं समजून बघावं.

ही पारख आपल्याकडे नवी नाही. पोतदार हे आडनावच नाणी पारखणाऱ्याचं. शिक्क्याचा रुपया जसा जुना होई तसा सराफ त्यावर बट्टा कापी. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आपण अजून त्यांचीच भाषा बोलतो.

नाणं काळं पडलंय. साफ करू का?

करू नका. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांतलं काहीही नको.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजीच्या देव्हाऱ्यातली शिवराई चिंचेत भिजवून राखेने घासली. तांब्याचा तांबडालाल रंग निघाला आणि मी तो सगळ्या वाड्यात दाखवत फिरलो. आजीही खूष झाली. आज ती शिवराई माझ्याजवळ आहे. ‘छत्र’वर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा भिंगाशिवायही दिसतात, आणि शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तो गडद थर पुन्हा येणार नाही. आता जो काळपटपणा आलाय तो डागाडागांचा आहे. मजकूर पूर्ण असलेली ती माझी एकमेव शिवराई, म्हणून जास्त वाईट वाटतं.

काळा किंवा तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे, तो खालच्या धातूचं रक्षण करतो. चांदीवरचा निळसर-जांभळा रंग तर लोक मुद्दाम शोधतात. माती घट्ट बसली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-चार दिवस भिजत ठेवा, रोज पाणी बदला, न घासता मऊ सुती कापडावर टेकवून वाळवा. तांब्यावर पोपटी हिरवी भुकटी सुटत असेल तर तो पसरणारा गंज आहे, तेवढ्या नाण्यासाठी जाणकाराची मदत घ्या आणि तोवर ते बाकीच्यांपासून दूर ठेवा.

नकली रुपया घरच्या घरी कसा ओळखायचा?

वजन झालं की कड. ओतीव नकली नाण्याच्या कडेवर बारीक जोड दिसतो किंवा तो घासून काढल्याच्या खुणा असतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल, आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकी दिली तर चांदीचा नाद लांबतो, नकलीचा बद्द येतो. पण चांगल्या प्रतीच्या नाण्यावर हे करू नये.

सगळ्यात खात्रीची घरगुती चाचणी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि काठाला लागणार नाही असा धरा. पूर्ण वजनाचा अस्सल रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा : १०.३च्या आसपास आलं तर धातू बरोबर. १९४०पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, तिथे उत्तर साडेनऊच्या जवळ येतं. नकली पुष्कळदा नऊच्या खाली राहतात. नाण्यावर बुडबुडा चिकटला असेल तर आकडा चुकतो, तेवढं बघा. मी एका जत्रेत घेतलेला १८४०चा रुपया घरी येऊन असाच बुडवला आणि ८.७ आलं. त्या दिवसापासून काटा पिशवीत असतो.

चुंबकाबद्दल एक : चांदीचा रुपया चिकटता कामा नये, पण १९४७चा वाघाचा रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा आहे.

१९३९चा रुपया कोणी दाखवला तर विशेष सावध. तो जुन्या उंची चांदीतला शेवटचा आणि अतिशय दुर्मीळ. १९३८च्या रुपयातला आठाचा आकडा कोरून नऊ करणारे लोक आहेत, त्यामुळे धातू आणि वजन दोन्ही बरोबर येतात. शेवटचा आकडा भिंगाखाली बघा, त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला असतो.

राम-सीता किंवा मारुती असलेलं, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेलं नाणं किती जुनं?

ते नाणं नाही. कंपनीने अशी चलनी नाणी पाडलेली नाहीत. हे पूजेसाठी आणि हौसेसाठी नंतर तयार केलेले बिल्ले आहेत. घरात श्रद्धेने ठेवलं असेल तर जरूर ठेवा. ‘तांदूळ ओढतं’, ‘कोटीला जातं’ म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं म्हणतात, खरं का?

खोटं. २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची ही स्मारक नाणी चलनासाठीच निघाली. अशा जाहिरातींत ‘नोंदणी’ किंवा ‘कर’ म्हणून आधी तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात आणि बहुधा रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे केलं जातं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क घेत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा बसवून सांगा, फसवले जातात ते बहुधा तेच.

नाणं सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, प्रत लिहून घ्यावं का?

दुर्मीळ आणि महाग नाण्याला, विशेषतः १९३९सारख्याला, जरूर. साध्या रुपयाला खर्च परवडत नाही. शिवराई मला डबीत बघवत नाही. तिची कड आणि जाडी बोटांना कळायला हवी, असं माझं मत.

शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं लागलं. काय करायचं?

जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कळवणं बंधनकारक आहे, आणि शोधणाऱ्याचा हक्कही याच कायद्याप्रमाणे ठरतो.

कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी कारण मोठं आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा मुलूख गौतमीपुत्राने जिंकला याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. ती नाणी त्याच आठवड्यात पाच-पाच, दहा-दहा करून विकली गेली असती तर सातवाहनांच्या इतिहासातलं हे पान आपल्याला असं वाचता आलं नसतं. गाडगं, माती आणि नाणी जशी आहेत तशी राहू द्या. धुऊ नका, वाटू नका.

मुलाकडे अमेरिकेला जातोय. आजोबांची नाणी घेऊन जाऊ का?

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर सापडलं तर जप्ती होते. नातवंडांना दाखवायचं असेल तर चांगले फोटो न्या आणि ती इथे आली की हातात द्या.

गोव्याकडच्या घरात सापडलेलं ‘उमा रुपिया’ काय आहे?

पोर्तुगीज भाषेत ‘एक रुपया’. ‘इंडिया पोर्तुगेझा’ असं लिहिलेला, १८८१चा लुईश राजाचा रुपया वजनाने आणि चांदीने इंग्रजी रुपयाच्या बरोबरीचा आहे. त्यामुळे वर सांगितलेली पाण्याची चाचणी त्यालाही चालते.

शिकायला, बघायला कुठे जावं?

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाणं चुकवू नका. कुठेही गेलात तरी एकाच प्रकारची दहा नाणी शेजारी शेजारी बघायचा प्रयत्न करा. एक उत्तम नाणं बघून जे कळत नाही ते दहा मध्यम नाणी बघून कळतं.

नाणी ठेवायची कशी?

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नको. वर्ष-दोन वर्षांत ती चिकट हिरवा थर सोडतात. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा, स्टेपलरची पिन नाण्यापासून दूर मारा, आणि ती चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, महिन्याने बदललेल्या. नाणं नेहमी कडेला धरून उचला, तेही टेबलावर कापड अंथरून.

आणि प्रत्येक होल्डरवर चार ओळी लिहा. तुमच्यानंतर नाणं ज्याच्या हाती जाईल त्याला हे सगळं कोण सांगणार? माझ्या त्या घासलेल्या शिवराईच्या पुठ्ठ्यावर असं लिहिलंय : ‘शिवराई, तांबं, ९.८४ ग्रॅम. श्री राजा शिव / छत्र पति, मजकूर पूर्ण. आजीच्या देव्हाऱ्यातून, तिला तिच्या सासूकडून. चिंच आणि राखेने घासलेली.’